टेबलापलीकडचा प्रश्न

काही प्रश्न विचारणाऱ्याला फार सोपे वाटतात आणि उत्तर देणाऱ्याच्या मात्र गळ्याशी येतात. ‘तुला डॉक्टर का व्हायचे आहे?’ हा त्यांपैकीच एक. दिवाळीत फराळाची ताटे मांडलेली असताना एखादे मामा बारावीतल्या भाच्याला हा प्रश्न टाकतात, तेव्हा त्यात विशेष काही नसते. भाचा चकलीचा तुकडा मोडता मोडता काहीतरी पुटपुटतो, आजी त्याची बाजू घेते आणि विषय अनारशांवर जातो. पण हाच प्रश्न एका लांबरुंद टेबलापलीकडे बसलेली तीन अनोळखी माणसे विचारतात, त्यांच्यापुढे गुण मांडण्याचे कागद असतात आणि बाहेरच्या बाकावर आईवडील न बोलता बसलेले असतात, तेव्हा त्याचे रूप पालटते. मग तो प्रश्न राहत नाही; तो उंबरठा होतो.

आमच्या सातारा-सांगलीकडे हा उंबरठा ओलांडण्याची ओढ जुनी आहे. मिरजेत डॉक्टर वानलेस यांचे रुग्णालय १८९४ साली उभे राहिले आणि पंचक्रोशीतल्या माणसाला शस्त्रक्रियेची भीती आणि भरवसा दोन्ही एकदमच कळले. पुढे १९६२ साली मिरजेस शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले, १९८४ मध्ये कऱ्हाडला कृष्णाकाठी दुसरे निघाले, आणि अगदी अलीकडे, २०२१-२२ च्या वर्षापासून, साताऱ्यासही शासकीय महाविद्यालय मिळाले. उसाच्या पट्ट्यातला बागाईतदार असो की माणदेशातला कोरडवाहू शेतकरी, घरातले एक पोर डॉक्टर व्हावे ही इच्छा दोघांची सारखीच. एकाला ते परवडते, दुसऱ्याला परवडत नाही, एवढाच फरक.

आज आपल्याकडच्या बहुतेक मुलांना मुलाखतीच्या टेबलासमोर जावे लागत नाही. जिला सगळे ‘नीट’ म्हणतात, त्या देशव्यापी परीक्षेचे गुण हेच प्रवेशाचे माप झाले आहे. २०२४ साली २३ लाखांहून अधिक मुले या परीक्षेस बसली. पण एखाद्या रुग्णालयात कुणाला उर्मट वागणूक मिळाली, बिलाचा आकडा पाहून कुणाला घेरी आली, की घरातले एक वडीलधारे माणूस हमखास म्हणते, ‘‘नुसत्या गुणांवर डॉक्टर करता, मग दुसरं काय होणार? मुलाखती घ्या, माणूस पारखा, मग आत सोडा.’’ ऐकणारे माना डोलावतात. हे म्हणणे मी इतक्या बैठकांतून ऐकले आहे, की ते एकदा नीट तपासून पाहावेसे वाटते. अठरा वर्षांच्या मुलाला समोर बसवून त्याच्या अंतःकरणाची झडती घेण्याचा अधिकार आपल्याला पोहोचतो का? आणि पोहोचत असला, तर त्या झडतीत सापडते ते काय?

आधी मुलाखतीची तयारी कशी होते ते पाहू, कारण खरी मौज तिथे आहे. मुलाखतीला बोलावणे आले, की कुणीतरी अनुभवी गृहस्थ गाठतात. ते सांगतात, पैशाचे नाव काढू नकोस. प्रतिष्ठेचे नको. ‘वडिलांची इच्छा’ हे तर चुकूनही म्हणू नकोस. त्याने माणूस दुबळा दिसतो. सेवा म्हण. सेवा म्हटले, की पुढचा प्रश्न येतो : सेवा तर शिक्षक होऊनही करता येईल, मग डॉक्टरच का? तेव्हा लहानपणची एक आठवण सांगायची. गावात दवाखाना नव्हता, आजी आजारी पडली, वेळेवर उपचार मिळाले नाहीत, आणि त्या रात्री मी ठरवले. या देशात मुलाखतींच्या पायी किती आज्या अवेळी मारल्या गेल्या असतील, याची गणती चित्रगुप्तालाही ठेवता आली नसेल!

हे विनोदाने लिहिले तरी त्याच्या तळाशी एक दुखरी जागा आहे. ‘नीट’ सर्वत्र लागू होण्याच्या आदल्या एकदोन वर्षांतली गोष्ट. आमच्या गल्लीत मामाकडे राहून शिकणारी एक मुलगी होती. मूळची माण तालुक्यातली, दहिवडीच्या आसपासच्या एका वाडीतली. मोठी अबोल पोर. पण गणिते सोडवू लागली की ओठ आवळून अशी काही बसे, की हाक मारायचा धीर होऊ नये. तिला एका महाविद्यालयाचे मुलाखतीचे बोलावणे आले. माझा जन्म शिक्षकीत गेला, त्यातली बरीच वर्षे साताऱ्यात. त्यामुळे निवृत्त होऊन सांगलीस आल्यावरही असल्या कामाला लोक मला धरतात. मी तिला विचारले, ‘‘का व्हायचंय गं तुला डॉक्टर?’’

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘आजोबा, आज्जीचं मी तिथं सांगणार नाही.’’

‘‘कुठल्या आज्जीचं?’’

‘‘माझ्या. सगळ्याच पोरी सांगतात म्हणं आज्जी गेली. माझी खरंच गेलीया.’’

आणि खरोखरच त्या मुलीने मुलाखतीत आजीचा उच्चार केला नाही. ‘सेवा’ म्हणाली. तिथे तिला जागा मिळाली नाही. ती मिळाली नाही म्हणून मला फार वाईट वाटले असे नाही. त्याच पावसाळ्यात राज्याच्या प्रवेश परीक्षेच्या गुणांवर तिला मिरजेस प्रवेश मिळाला. मला लागून राहिली ती दुसरी गोष्ट. एखादा खोटा दागिना बाजारात फार झाला, की खरा दागिना अंगावर घालणाऱ्यालाच लाज वाटू लागते. तिच्यापाशी खरे उत्तर होते, आणि जिथे ते विचारले जात होते ती नेमकी एकच जागा अशी होती, की जिथे ते तिला उच्चारवेना. ती खोटे बोलली असे कुणी म्हणेल काय? मी म्हणणार नाही. पण खरे ती बोलली नाही. आणि न बोलण्याचे कारण तिच्या मनात नव्हते, त्या खोलीच्या रचनेत होते.

या खोलीबद्दल मला पहिल्यांदा शहाणे केले ते आमच्या डॉक्टरांनी. ते माझे संध्याकाळच्या फिरण्याचे सोबती. गणपतीच्या देवळापासून घाटावर, आणि पाय साथ देत असतील तर आयर्विन पुलापर्यंत, असा आमचा वर्षानुवर्षांचा रिवाज. त्यांनी गरिबीतून शिकून आपल्या हिमतीवर दवाखाना काढला आणि सचोटीने चालवला. साठाच्या दशकात ते प्रवेशासाठी गेले, तेव्हाची हकीकत त्यांनी मला एकदाच सांगितली. पुन्हा सांगायला लावण्याचा धीर मला झाला नाही.

त्यांचे वडील हळदपेठेत हमाल होते. सांगलीची हळदपेठ ज्यांनी पाहिली असेल त्यांना ठाऊक आहे, की त्या पेठेत राबणाऱ्या माणसाचे तळहात, नखे, धोतराचे काठ, सगळेच पिवळे असते. कितीही घासले तरी तो रंग जात नाही. मुलाखतीच्या दिवशी वडील मुलाबरोबर गेले, पण इमारतीच्या आत आले नाहीत. बाहेर झाडाखाली बसून राहिले. आत टेबलापलीकडच्या एका गृहस्थांनी पहिलाच प्रश्न केला, ‘‘वडील काय करतात?’’

‘‘मास्तर,’’ डॉक्टर मला म्हणाले, ‘‘माझ्या तोंडून शब्द गेला, ‘हळदीचा व्यापार.’ मी ठरवून नव्हतो गेलो. तसा तो शब्द सबंध खोटाही नव्हता. हळद होती, व्यापारही होता, फक्त तो आमचा नव्हता.’’

‘व्यापार’ म्हणताच टेबलापलीकडचे चेहरे सैल झाले. दुसऱ्या गृहस्थांना हळदीविषयी कुतूहल होते. ते विचारू लागले. हळद शिजवतात कशी, वाळायला किती दिवस लागतात, साठवता कुठे? आणि मग हा मुलगा खुलला. हरिपुराकडच्या जमिनीतल्या पेवांबद्दल तो बोलू लागला. पेव म्हणजे जमिनीच्या पोटातले कोठार. त्यात हळद घालून तोंड लिंपून टाकतात आणि ती वर्षे न् वर्षे टिकते. पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचे नसते. आधी दोरीने दिवा सोडायचा. दिवा विझला तर माणसाने आत जायचे नाही. हे ऐकून तिसरे, इतका वेळ गप्प असलेले, वयस्कर डॉक्टर पुढे सरसावले. त्यांनी विचारले, ‘‘दिवा विझतो तिथे माणूस का मरतो?’’ मुलाने आपल्याला समजले होते तसे सांगितले. ते पुन्हा म्हणाले, ‘‘आणि आत उतरलेला माणूस कोसळलाच, तर वरचे लोक काय करतात?’’ तेव्हा मुलाने, कोसळलेल्याला काढायला दुसरा घाईने उतरतो आणि तोही जातो, म्हणून आधी वारे कसे घालतात, ते सांगितले. हे त्याला ठाऊक होते, कारण त्याचा बाप त्या पेवांत उतरत असे. व्यापारी स्वतः पेवात उतरत नाहीत, हे त्या तिघांपैकी कुणाच्या लक्षात आले नाही.

त्याला प्रवेश मिळाला. परत येताना मोटारीत त्याने वडिलांना सारे सांगितले, व्यापाराचेही. वडील रागावतील, निदान त्यांना लागेल, असे त्याला वाटले होते. ते थोडा वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले आणि म्हणाले, ‘‘येपारी म्हनलास त्ये काय वाईट न्हाई. दिव्याचं इचारलं त्ये बी बरं इचारलं. पर पोरा, माझं कशापायी इचारलं रं त्येनी?’’

हा प्रश्न त्या अडाणी म्हणवणाऱ्या माणसाने विचारला त्यानंतर पंधराएक वर्षांनी तोच, कायद्याच्या भाषेत, देशाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला. तो खटला वैद्यकाचा नव्हता, श्रीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा होता. पण खोली तीच. लेखी परीक्षेस १०० गुण आणि मुलाखतीस ५०. उमेदवारांचे गाऱ्हाणे असे, की मुलाखत दोनतीन मिनिटांत आटोपली आणि तीत विषयाचे काही न विचारता आईबापांची व राहण्याच्या ठिकाणाची चौकशी झाली. न्यायमूर्ती भगवती यांनी १९८० च्या नोव्हेंबरात दिलेल्या निकालात, एकूण गुणांच्या शेकडा १५ हून अधिक वजन मुलाखतीस देणे मनमानीचे ठरेल, असे सांगितले. त्याआधी, १९६४ साली, आमच्या सीमेलगतच्या तेव्हाच्या म्हैसूर राज्यातली वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेशासाठीची शेकडा २५ गुणांची मुलाखत याच न्यायालयाने ग्राह्य धरली होती. म्हणजे सोळा वर्षांत शहाण्यासुरत्या लोकांचा मुलाखतीवरचा विश्वास पंचवीसावरून पंधरावर आला. तो शून्यावर आला नाही, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

कारण मुलाखतीच्या बाजूनेही बोलण्यासारखे पुष्कळ आहे. डॉक्टर हा नुसता हुशार असून भागत नाही. त्याला ऐकता आले पाहिजे. रात्री दोन वाजता दार ठोठावणाऱ्याला त्याचा चेहरा पाहून धीर आला पाहिजे. भौतिकशास्त्राच्या उत्तरपत्रिकेत यातले काही उमटत नाही. वेल्लोरच्या ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयाने हे ओळखले होते. लेखी परीक्षेतून निवडलेल्या मुलांना तिथे काही दिवस ठेवून घेत; त्यांना गटाने कामे देत, बोलते करीत, न्याहाळीत. देशभर एकच परीक्षा सक्तीची झाली तेव्हा त्या संस्थेने ही आपली रीत सोडण्यास इतका विरोध केला, की २०१७ साली एम.बी.बी.एस.च्या १०० जागांपैकी एकच भरली. पुढे २०२० च्या एप्रिलात न्यायालयाचा निकाल संस्थेच्या विरुद्ध गेला. निकाल योग्यच असेल. पण आपली पारख टिकावी म्हणून शंभरांतल्या नव्याण्णव जागा रिकाम्या ठेवणारी माणसे पाहिली, की त्यांच्या हट्टातही काही सत्य असावे असे मला वाटते. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात अजूनही ‘नीट’च्या गुणांनंतर वेगळी चाचणी आणि मुलाखत असते. तिथले विद्यार्थी पुढे सैन्यात जायचे असतात, तेव्हा ‘येणार ना बाबा?’ एवढे तरी विचारणे भाग आहे. साताऱ्याजवळच्या अपशिंग्यातल्या मुलाने मात्र त्याचे काय उत्तर द्यावे? पहिल्या महायुद्धात ज्या गावाची ४६ माणसे कामी आली आणि ज्याला लोक मिलिटरी अपशिंगे म्हणूनच ओळखतात, तिथल्या घरात हा प्रश्न कुणी कुणाला विचारीत नाही. पण ‘देशसेवा’ हा त्याचा शब्द आणि शिकवणीवर्गात पाठ केलेला शब्द कानाला एकच लागतो.

इथे माझी मुख्य शंका आहे. पारख व्हावी हे मान्य; पण पारख होते का? या बाबतीत अमेरिकेत अनायासे एक प्रयोग घडला. १९७९ साली टेक्सास राज्यातल्या ह्यूस्टन येथील वैद्यकीय महाविद्यालयाने सुमारे ८०० मुलांच्या मुलाखती घेऊन क्रम लावले आणि वरच्या क्रमांकांतून १५० जणांना घेतले. मागाहून राज्याच्या विधिमंडळाने हुकूम केला, की आणखी ५० घ्या. तोवर यादीतली बरी बरी मुले इतरत्र गेली होती. उरली होती ती तळातली. नाइलाजाने त्यांतून ५० घेतली. पुढे सर्वांची प्रगती तपासली, तेव्हा वरच्यांत आणि तळातल्यांत काही फरक आढळेना; अभ्यासात नाही, रुग्णांजवळच्या कामात नाही, पदवीनंतरच्या पहिल्या वर्षीही नाही. ज्यांना टेबलापलीकडच्या मंडळींनी ‘नको’ म्हटले होते, तीही तितकीच चांगली डॉक्टर झाली. हा वृत्तांत १९८७ साली प्रसिद्ध झाला. तो वाचल्यापासून, ‘मी माणूस पाहताक्षणी ओळखतो’ असे कुणी म्हणू लागले, की मला त्या पन्नासांची आठवण होते.

पाश्चात्त्यांनी मग मुलाखतच सुधारली. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने एका लांब मुलाखतीऐवजी लहान लहान अनेक मुलाखतींची रीत काढली आणि ती आता देशोदेशी चालते. माझ्या पुतणीचा मुलगा इंग्लंडात अशा एका मुलाखतीला जाऊन आला. खोलीमागून खोली, प्रत्येकीत काही मिनिटे, की वाजली घंटा. एका खोलीत एक बाई बसलेल्या. त्यांचे मांजर याच्या मोटारीखाली सापडून मेले आहे असे धरून चालायचे आणि ती बातमी त्यांना सांगायची. पोरगा फोनवर हसत मला म्हणाला, ‘‘आजोबा, मांजर मेलं नाही हे मलाही माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं. पण त्या रडल्या इतक्या छान, की मलाच भरून आलं.’’ ही रीत जुनीपेक्षा न्याय्य आहे हे खरे. एका माणसाच्या लहरीवर काही अवलंबून राहत नाही. पण कळवळा कसा दाखवावा, याचेही वर्ग तिकडे निघालेच. ज्याला गुण आहेत त्याची शिकवणी निघणार; यात देश कोणता याने फरक पडत नाही.

म्हणजे दोष मुलांच्या सचोटीत शोधण्यात अर्थ नाही. आपण एखाद्याला म्हणतो, ‘मनातले खरे सांग’, आणि त्याच श्वासात हेही सुचवतो, की ते आम्हाला आवडले नाही तर तुझ्या आयुष्याची वाट बंद. अशा वेळी जे बाहेर येते त्याला खरे किंवा खोटे ही मोजमापेच लागू पडत नाहीत. ती अर्जाची भाषा असते. आणि अठराव्या वर्षी ‘का’चे खरे उत्तर पुष्कळांपाशी नसतेच. ते पुढे, प्रेतागारातल्या पहिल्या दिवशी, किंवा आपल्या हातून गेलेल्या पहिल्या रुग्णाच्या नातेवाइकांना सामोरे जाताना, हळूहळू तयार होते. जे अजून पिकले नाही ते तोडून दाखव म्हणायचे, आणि कच्चे निघाले की नाक मुरडायचे, हा कुठला न्याय?

या प्रदेशाला असल्या अटींची ओळख फार पूर्वी झालेली आहे. आनंदीबाई जोशांच्या शिक्षणासाठी गोपाळरावांनी अमेरिकेतल्या मदतीकरिता पत्रव्यवहार केला, तो कोल्हापुरात अनेक वर्षे काढलेल्या वाइल्डर या मिशनऱ्यांशी. त्यांचे उत्तर असे, की ख्रिस्ती व्हाल तर साहाय्य करू. ही मुलाखतच होती. फक्त टेबलाऐवजी मध्ये समुद्र होता. जोशी दांपत्याने ती अट मानली नाही. तो पत्रव्यवहार तिकडे छापला गेला, एका अमेरिकन बाईंच्या वाचनात आला आणि मदत आली ती त्यांच्याकडून, बिनशर्त.

पण मला त्याहून मोलाचा वाटतो तो १८८३ च्या फेब्रुवारीतला प्रसंग. कलकत्त्याजवळच्या श्रीरामपूर येथे, अठरावे वर्ष पुरे व्हायला महिनाभर असलेल्या आनंदीबाई भर सभेत उभ्या राहिल्या. लोक आपल्याला जे विचारतात ते सहा प्रश्न त्यांनी स्वतःच मांडले. अमेरिकेस का जाता? हिंदुस्थानात शिकण्याची सोय नाही काय? एकट्या का जाता? परत आल्यावर वाळीत टाकणार नाहीत काय? परमुलखात काही संकट आले तर? आणि आजवर कोणा स्त्रीने केले नाही ते तुम्हीच का करावे? एकेकाला त्यांनी उत्तर दिले. त्या वेळी त्या कुणाकडे काही मागत नव्हत्या. सभेतल्या कुणाच्या हाती गुणांचा कागद नव्हता, जागा देणे न देणे कुणाच्या हाती नव्हते. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, हे त्यांनी तिथे ज्या निर्धाराने सांगितले, तसे आजच्या एखाद्या निवड-समितीपुढे कुणी आपल्या श्रद्धेविषयी बोलले, तर समितीला ते रुचेलच असे मला वाटत नाही. पुढे १८८६ साली त्या पदवीधर झाल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात त्यांची नेमणूकही झाली होती. परंतु १८८७ च्या फेब्रुवारीत त्या वारल्या आणि आमच्या मुलखाला त्या डॉक्टर म्हणून लाभल्याच नाहीत.

तर मग मुलाखत नको, गुण पुरेत, असे म्हणून मोकळे व्हावे काय? माझे मन तेही घेत नाही. गुणांची परीक्षा निष्ठुर असते, पण ती कुणाला बापाचा धंदा विचारीत नाही; हा तिचा मोठेपणा मी मान्य करतो. डॉक्टरांच्या वडिलांना ती आवडली असती. शिकवणीचे लाखो रुपये मोजणाऱ्याला ती अधिक सोपी जाते आणि २०२४ साली तिच्यातही पेपर फुटण्याचे किटाळ उठले, हे खरे. तरी टेबलापलीकडच्या मर्जीपेक्षा ती बरी. पण या परीक्षेच्या तयारीसाठी पोरे दोन-दोन वर्षे वसतिगृहांत कोंडून घेतात, तिथल्या एका मुलाशी मी बोललो. त्याला प्रवेश मिळाल्यावर मी सहज विचारले, ‘‘काय रे, आवडेल ना हे काम?’’ तो गोंधळला. म्हणाला, ‘‘सर, हे मला कोणी विचारलंच नव्हतं.’’ एकीकडे आपण ‘का’ असे दरडावून विचारतो. दुसरीकडे कधीच विचारीत नाही. विचारावे तर खरे, पण उत्तरावर काही टांगलेले नसताना.

सेवाग्रामच्या महात्मा गांधी वैद्यकीय संस्थेत १९६९ पासून एक प्रथा आहे, ती मला या दृष्टीने विचार करण्यासारखी वाटते. ‘नीट’ येईपर्यंत त्यांच्या प्रवेश परीक्षेत गांधीविचाराचा स्वतंत्र पेपर असे. त्याविषयी मला फारसे अगत्य नाही. गांधीविचारही पाठ करता येतो. पण प्रवेश मिळालेल्या नव्या मुलामुलींना पहिले पंधरा दिवस बापूंच्या आश्रमात ठेवतात. तिथे सूत कातायचे, झाडलोट करायची, प्रार्थनेला बसायचे, वडीलधाऱ्यांशी बोलायचे. आता यात कुणाला काढून टाकायचे नसते. जागा मिळून गेलेली असते. कुणाला सूतकताई हास्यास्पद वाटली तर तो हसू शकतो. अशा निर्धास्त पंधरवड्यात एखाद्याने एखाद्याला ‘तू इथे कशाला आलास रे?’ असे विचारले आणि तो ‘बाबांनी घातलं’ असे म्हणाला, तर त्या खऱ्या उत्तरापासून काहीतरी सुरू होऊ शकते. आमच्या मिरज, कऱ्हाड, साताऱ्यास आश्रम नाही. पण फिरायला कृष्णाकाठ आहे, आणि रिकामा वेळ असलेले निवृत्त डॉक्टर पुष्कळ आहेत.

त्या माणदेशी मुलीला मिरजेस प्रवेश मिळाला, त्या वर्षीच्या दिवाळीत ती पेढे घेऊन आमच्याकडे आली. पाडव्याचा दिवस, डॉक्टरही नेमके बसलेले. मी दोघांची ओळख करून दिली. मुलाखत, महाविद्यालय यांपैकी कशाचाच उल्लेख कुणी केला नाही. डॉक्टरांनी गाव विचारले, तिथून जवळचा दवाखाना किती लांब ते विचारले. तिने पेढ्याच्या पुड्याचा दोरा बोटाला गुंडाळत सांगितले, की दवाखाना दहिवडीत, आणि आज्जीला तिथून साताऱ्याला न्यायचे ठरले होते. जीप मिळायलाच पहाट झाली. पुसेगावच्या अलीकडे सगळे संपले. मग ती गप्प झाली.

डॉक्टरांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला, आणि पेशंटच्या घरच्यांना विचारावे तसे तिला विचारले, ‘‘दम कधीपासून लागत होता गं त्यांना?’’

‘‘पाऊस लागल्यापास्नं,’’ ती म्हणाली. ‘‘पण रात्रीचाच. दिवसा काही नसायचं. उशाला दोन उश्या घेऊन बसायची.’’

‘‘पायाला सूज?’’

‘‘होती की. मला वाटायचं, उभं राहून राहून आलीया.’’

डॉक्टर खुर्ची तिच्याजवळ ओढून घेऊन बसले.